चौदा खुंट्या

सगळ्यात आधी आल्या त्या खुंट्या.
पाया नव्हता, भिंत नव्हती,
कुंपणाच्या तारेला बांधलेली नुसती पाटी:
येथे नवीन प्राथमिक शाळा, ऑगस्टपासून.
कुठल्या ऑगस्टपासून, ते खाऱ्या वाऱ्याने
पहिल्याच हिवाळ्यात खरवडून नेलं.

धक्क्यावर खोकं उतरवताना लॅक्लन म्हणाला,
भिंत मागवायची राहिली वाटतं?
मी शाळेचा शिपाई. मी सही केली.
खिडक्या त्याच दिवशी शेजारच्या बेटावर उतरल्या,
आणि तिथल्या दवाखान्याने म्हणे बसवूनही टाकल्या.

पोरं तोवर डब्यांत. हॉलच्या मागे दोन पत्र्याचे डबे,
उडू नयेत म्हणून दोरखंडाने दगडांना बांधलेले.
गारा सुरू झाल्या की मिस मॅकॉस्किल बोलायच्या थांबत
आणि सातचा पाढा बोटांवर चाले,
मुक्यांच्या लग्नासारखा.

पहिल्या वर्षी इन्व्हरनेसचा ठेकेदार बुडाला.
मग बोटीचं इंजिन गेलं, अकरा दिवस,
सिमेंटच्या गोण्या धक्क्यावरच दगड झाल्या.
(त्यातल्या दोन आता डब्यांच्या दोरांना आहेत. वाया काही जात नाही.)
मग सभा. कौन्सिलचे साहेब पडद्यावर आले,
"मी तुम्हाला वचन देतो की" म्हणाले, आणि गोठले.
त्या उघड्या तोंडाकडे आम्ही सगळे
पाच मिनिटं आदराने पाहत बसलो.

काम खुंटीला टांगलं म्हणावं,
तर खुंट्या माझ्या शेडमध्ये.

आणि तिसऱ्या मे महिन्यात, यंत्र येऊन उभं राहिलं तेव्हा,
गवतातून तो आवाज.
फणीच्या दातांवरून कुणी नख फिरवावं,
पुन्हा फिरवावं, रात्रभर.
कॉर्नक्रेक. दिसत नाही सहसा. घरटं असलं
तर पिल्लं निघेपर्यंत कुदळ लावायची नाही, असा कायदा.

सातवीतल्या मर्डीनाने सांगितलं.
हात वर करून, उभी राहून, सगळ्यांसमोर.
यंत्र तिच्याच बापाचं. टॉर्कल काही बोलला नाही,
किल्ली काढली, खिशात टाकली, घरी गेला.
तीन महिन्यांची मजुरी गेली.
दुकानात तिच्याशी कुणी बोलेना.
अकरा वर्षांची पोर, पाव घेऊन
मान वर ठेवून चालत जायची.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
तो आवाज मी तिच्याआधी तीन रात्री ऐकला होता.
खिडकी लावून घेतली होती.

ऑगस्टमध्ये ती मोठ्या शाळेत गेली, बोटीने,
सोमवारी जायचं, शुक्रवारी यायचं.
जायच्या आधी शेडमध्ये आली, खोकं उघडून बसली.
प्रत्येक खुंटीवर एक चित्र: खेकडा, सील, होडी, शंख.
एका खुंटीवर पक्षी, कुठल्याच पक्ष्यासारखा न दिसणारा.
हाच तो, म्हणाली. ठेवला परत.

आता भिंती आहेत. अर्धं छप्पर आहे.
उरलेल्या अर्ध्यातून दुपारी ऊन आत येतं, तेव्हा
इथे बाकं कशाला हवीत, असंच वाटतं क्षणभर.
शोनाने बुटांच्या मापाने वर्ग मोजला:
एकेचाळीस बूट लांब. रुंदीला पोचेपर्यंत तिला भूक लागली.

पटावर आता अकरा.
पत्र आलं: अकरा खुंट्या बसवा,
उरलेल्या तीन परत पाठवा.
मी चौदा बसवल्या, सरळ रेषेत, पाणसळ लावून,
आणि कळवलं की बोट बंद आहे.

बोट चालू होती.

पक्ष्याच्या खुंटीवर सध्या माझाच कोट आहे.
गिलावा ओला आहे अजून,
वजन पेलतं का, बघतोय.